सोसायटीचं आवार फोडायचंय: पेव्हर घालू की पाणी थेट बोअरमध्ये सोडू?

आडवाट:
पुण्यातली ४ मजली इमारत. तळघर नाही. गच्ची ६०० चौ. मी., आवार सगळं ट्रिमिक्स काँक्रीट (यंत्राने पाणी शोषून घट्ट केलेलं). जोराच्या सरीत गेटपाशी घोटाभर पाणी साचतं, मार्चमध्ये बोअर आटतं आणि मे महिन्यात वरच्या मजल्याचं छत रात्री अकरापर्यंत गरम. पार्किंगमधलं २०० चौ. मी. काँक्रीट काढायचं ठरलंय. एक ठेकेदार म्हणतो पेव्हर (काँक्रीटचे फरशी-ठोकळे) घाला, पाणी आपोआप मुरेल. दुसरा म्हणतो सगळं पाणी बोअरमध्ये सोडा. कुठून सुरुवात करावी?

खडीफोड्या:
पहिल्या ठेकेदाराला एवढंच विचारा: पेव्हरखाली काय घालणार? 'मुरूम, रोलर, पीसीसी (साधं काँक्रीट), वर क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू)' असं उत्तर आलं तर ते काँक्रीटच झालं, फक्त नक्षीचं.

मुरवणाऱ्या फरशीखालचे थर, खालून वर: नॉन-वोव्हन जिओटेक्स्टाईल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), ४० मिमी खडी २०० मिमी जाड, २० मिमी खडी १०० मिमी, २ ते ६ मिमी कच ५० मिमी, मग ८० मिमीचे पेव्हर. सांधे ८ ते १० मिमी रुंद, त्यांतही तीच कच. खडी धुतलेलीच हवी. डस्ट मिसळलेली आली तर गाडी परत पाठवा, कारण तीच डस्ट खाली जाऊन कापडावर बसते. खडीत साधारण ४० टक्के पोकळी असते, म्हणजे ३०० मिमी थर २०० चौ. मी.वर सुमारे २४,००० लिटर पाणी धरतो. कडेला काँक्रीटचा कर्ब (काठाची पट्टी) लागतोच, नाहीतर गाड्यांच्या चाकांनी पेव्हर सरकतात.

काम सुरू करण्याआधी जमीन किती पिते ते बघा. थराच्या तळाइतका खोल, फूटभर रुंद खड्डा घ्या, दोनदा भरून जिरू द्या, तिसऱ्यांदा भरून पट्टीने मोजा. काळ्या मातीत पहिल्या भरण्यावर विश्वास ठेवू नका. मे महिन्यात तिला भेगा असतात, पाणी भसाभस जातं आणि आपण खूश होतो. ओली झाल्यावर ती फुगते आणि भेगा मिटतात. तासाला १२-१३ मिमीपेक्षा कमी उतरत असेल तर तळाशी ११० मिमी छिद्रांचा पाईप घालून जादा पाणी बाहेर काढा. काळी माती असेल तर पायापासून किमान ३ मीटर लांब राहा.

अशी फरशी बंद पडते ती बहुतेक वेळा कुंड्या-वाफ्यांतल्या मातीमुळे. वाफा फरशीपेक्षा चार इंच खाली ठेवा. फरशीवर सिमेंट कालवू देऊ नका.

कातळ:
बोअरबद्दल. पुण्याखाली बेसाल्ट आहे. पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत असतं, सलग कातळात जवळपास नाहीच. त्यामुळे एक बोअर गटागटा पितं, दहा फुटांवरचं दुसरं थेंबही घेत नाही. चाचणी सोपी: १०,००० लिटरचा टँकर बोअरमध्ये सोडा आणि पातळी उतरायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवा. दिवसभर लागला तर हा मार्ग सोडा.

हिशोब बघा. ६०० चौ. मी. गच्चीवर तासात ५० मिमी पडलं तर ३०,००० लिटर येतं. बोअर ते एका तासात घेणं जवळपास अशक्य. म्हणून पाणी थोपवून, गाळून बोअरला देणारा गाळण खड्डा हवा: तळाला ५ ते २० सेंमीचे दगड, वर ५ ते १० मिमी खडी, सगळ्यात वर भरड वाळू. वाळू वर असते म्हणूनच गाळ वरच अडतो आणि दर पावसाळ्याआधी वरचा थर खरवडून बदलता येतो. उलटा क्रम लावलेले खड्डे दिसतात, ते साफच करता येत नाहीत. ओव्हरफ्लो पाईप फरशीखालच्या खडीत सोडा.

आणि पार्किंगचं पाणी बोअरमध्ये कधीच नाही. तेल आणि घाण एकदा खडकाच्या भेगेत गेली की काढता येत नाही. फक्त गच्चीचं.

कळीचा चुना:
छत तापण्याचा इलाज वेगळा आणि सगळ्यात स्वस्त. आधी कोब्यातल्या (गच्चीवरच्या जलरोधक थरातल्या) भेगा बुजवा, उतार तपासा, मग पांढरी चायना मोझॅक (टाइलच्या तुकड्यांची फरशी) किंवा चुना. चुना रात्रभर भिजवून गाळून घ्या, स्लॅब ओला करून पातळ दोन-तीन हात द्या, तेही संध्याकाळी. भर उन्हात दिलेला चुना पापुद्र्यांनी उडतो. धुळीमुळे पांढरेपणा उतरतो, म्हणून दर वर्षी फेब्रुवारीत हात द्यावा लागेल. अहमदाबादच्या २०१३ च्या उष्णता कृती आराखड्यानंतर तिथे घरांची छपरं पांढरी करण्याचा कार्यक्रम झाला, तेलंगणाने २०२३ मध्ये त्यासाठी धोरणच आणलं. खर्च न परवडणाऱ्या वस्त्यांतही हे जमतं, म्हणून.

पश्चिमेच्या भिंतीसाठी करंज किंवा बहावा. गुलमोहर नको, फांद्या वादळात मोडतात.

आडवाट:
पण चुन्याच्या गच्चीचं पाणी बोअरला चालेल?

कातळ:
पहिल्या सरींचं नाही. पहिले २ मिमी, म्हणजे तुमच्या गच्चीवर १,२०० लिटर, दर वेळी बाजूला सोडायलाच हवेत. चुना दिला असेल तर हंगामातल्या पहिल्या दोन-तीन सरी बोअरचा व्हॉल्व्ह बंद ठेवा, कडवट पांढुरकं पाणी संपेपर्यंत. मोझॅक केलंत तर ही भानगडच नाही, फक्त सांध्यांचं सिमेंट नीट भरून घ्या.