प्रति: ४के एडिटिंगसाठी ग्राफिक्स कार्ड
'सगळं बजेट ग्राफिक्स कार्डात घाला, टाइमलाइन लोण्यासारखी पळेल' हे या चर्चेत वर मांडलेलं मत व्हिडिओचं कलर ग्रेडिंग (रंग सुधारणं) आणि इफेक्ट्सपुरतं पटतं. पण टाइमलाइन (एडिटिंग सॉफ्टवेअरमधली क्लिप्स लावायची पट्टी) अडखळते ती बऱ्याचदा फुटेज डीकोड करताना, म्हणजे दाबून साठवलेला व्हिडिओ उलगडताना, आणि तिथे कार्डाची किंमत कामाला येत नाही. हल्लीचे बरेच मिररलेस कॅमेरे १०-बिट ४:२:२ एच.२६५ मध्ये, म्हणजे रंगांची माहिती जास्त ठेवणाऱ्या पण घट्ट दाबलेल्या फॉरमॅटमध्ये, शूट करतात. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० आणि ४० मालिकेतल्या कार्डांत या फॉरमॅटचा हार्डवेअर डीकोडर नाहीच; ४०९०सारखं महागडं कार्ड घेतलं तरी सगळा भार प्रोसेसरवर पडतो. हा डीकोडर आला थेट ५० मालिकेत, २०२५ मध्ये. उलट इंटेलच्या ११व्या पिढीपासून प्रोसेसरमधल्या साध्या अंगभूत ग्राफिक्समध्येही हे फुटेज क्विक सिंकवर (इंटेलच्या हार्डवेअर डीकोडरवर) सहज चालतं.

म्हणून थोडे पैसे वाचवायला नावात 'एफ' असलेला इंटेल प्रोसेसर घेऊ नका, त्यात अंगभूत ग्राफिक्सच बंद असतं. दुकानदार हे आपणहून सांगत नाहीत (त्यांच्याकडे गेमिंगवालीच गिऱ्हाइकं जास्त). मशीन आधीच घेऊन झालं असेल तर प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या एडिटिंगला हलक्या फॉरमॅटमध्ये प्रॉक्सी (फुटेजच्या कामापुरत्या प्रती) करून एडिट करा. डिस्कवर जागा मात्र भरपूर ठेवा.