कामावरून काढणं सोपं असावं का? डेन्मार्क, जर्मनी, अमेरिका

हिशेबनीस (धागा)
कामगार कायदे सैल करा म्हणणारे हटकून डेन्मार्कचा दाखला देतात. तिथे माणूस काढणं तुलनेनं सोपं आहे आणि किमान वेतनाचा कायदाच नाही. दोन्ही खरं. पण कायदा का नाही? कारण मजुरीचे दर युनियन आणि मालकांच्या संघटना करार करून ठरवतात. १८९९ साली तिथल्या मालकांनी तीन महिन्यांहून जास्त टाळेबंदी केली होती, म्हणजे कामगारांना कामावर येऊच दिलं नाही. ती मिटली 'सप्टेंबर करारा'नं: युनियननं माणसं ठेवण्या-काढण्याचा मालकाचा हक्क मानला, मालकांनी युनियनचा वाटाघाटीचा. आजही साधारण तीनांतले दोन कामगार युनियनचे सभासद आहेत. बेकारी विमा निधीची वर्गणी भरली असेल, तर काम गेल्यावर दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळतो, नव्या कामाचं प्रशिक्षणही मिळतं.

माझं म्हणणं एवढंच, की काढायची मुभा हवी असेल तर तिचे पैसे आधी मोजा. पहिला अर्धा भाग उचलायचा आणि दुसरा गाळायचा, ही कामगारांची फसवणूक आहे.

वाटसरू
साफ असहमत. स्पेन बघा. कायम नोकरीवाल्याला काढणं महाग, म्हणून मालक वर्षानुवर्षं तात्पुरती कंत्राटंच देत राहिले. मंदी आली तेव्हा पहिली कुऱ्हाड या कंत्राटवाल्यांवरच. २०१३ मध्ये एकूण बेकारी २६ टक्क्यांच्या घरात, तरुणांमध्ये निम्म्याहून जास्त! आत बसलेल्यांना संरक्षण आणि बाहेरच्यांना दार बंद, याला न्याय म्हणायचं?
अमेरिकेत एप्रिल २०२० मध्ये बेकारी १४ टक्क्यांवर गेली आणि २०२१ संपताना ४ च्या खाली आली. काढता येतं म्हणूनच मालक घ्यायलाही घाबरत नाही.

रानवारा
त्याच एप्रिलमध्ये मी जर्मनीत यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होते. ऑर्डरी थांबल्या, आमचे तास निम्मे झाले. तिथे याला 'कुर्त्सआर्बाइट' म्हणतात. पगारपत्रकावर दोन ओळी यायच्या: वर केलेल्या तासांचा पगार, खाली बुडालेल्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के सरकारी भत्ता. मूल असलेल्यांना ६७. माझ्या शेजारचा फिटर रोज अर्धा दिवस येऊन यंत्र पुसून, तेल देऊन जायचा. ऑर्डरी परतल्या तेव्हा त्यानंच ते चालू केलं, कुणाला नव्यानं शिकवावं लागलं नाही. त्या महिन्यात देशभरात सुमारे ६० लाख लोक या योजनेत होते आणि बेकारी ६ टक्क्यांच्या आसपासच राहिली.
वाटसरू, १४ वरून ४ वर येणं चांगलंच. पण मुळात १४ वर जायचंच कशाला?

वाटसरू
तुमच्या कारखान्यात 'मिनीजॉब'वाले नव्हते का? महिन्याला ठरावीक रकमेच्या आत कमावणारे ते लाखो लोक बेकारी विम्याबाहेर, म्हणून त्यांना हा भत्ताही नाही. २००३ च्या हार्ट्झ सुधारणांनी, म्हणजे जर्मनीनं कामगार कायद्यांत केलेल्या बदलांनी, हाच वर्ग वाढवला. युनियनचे करार इतके आटले की २०१५ मध्ये ताशी ८.५० युरोचा किमान वेतन कायदा आणावा लागला. म्हणजे तिथेही आतले आणि बाहेरचे आहेतच. शिवाय जो कारखाना बुडणारच आहे, तिथे माणसं धरून ठेवण्यात त्यांचंच वय जातं.

रानवारा
होते. सफाईला दोघी यायच्या, दोघींचं काम आधी गेलं. हे मला तेव्हाही टोचलं होतं, त्यावर वाद नाही.

उंबरठा
अमेरिकेत मी काढला गेलेला माणूस आहे. सकाळी लॅपटॉपवर पासवर्ड चालेना, वीस मिनिटांनी फोन आला. मोंटाना सोडून बाकी सगळ्या राज्यांत कारण न देताही काढता येतं. पगाराचं दुःख नंतर झालं, आधी कॅलेंडर बघितलं: आरोग्य विमा महिनाअखेरीपर्यंत, बायकोला सातवा महिना. तोच विमा पुढे चालवता येतो, पण पूर्ण हप्ता स्वतः भरायचा, वर २ टक्के. मला तीन महिन्यांत काम मिळालं. आकडेवारीत मी 'सावरलेला' आहे. त्या तीन महिन्यांत मिळेल ते काम मी घेतलं असतं, आणि घेतलंही. पहिल्यापेक्षा कमी पगाराचं.

वाटसरू
उंबरठा, विम्याचं पूर्ण मान्य. दुसऱ्या महायुद्धात वेतनवाढीवर बंधनं होती, म्हणून मालक माणसं ओढायला विमा देऊ लागले आणि तीच रीत झाली. विमा नोकरीपासून सोडवलाच पाहिजे. पण काढायची मुभा राहू द्या.

हिशेबनीस
मग तुम्ही डेन्मार्कच मागताय! तिथे करांचा वाटा राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४० टक्क्यांहून वर आहे, अमेरिकेत त्याहून पुष्कळ कमी. तेवढा कर द्यायला तयार आहात?

वाटसरू
विमा आणि प्रशिक्षणासाठी, हो. लांबलचक भत्त्यासाठी नाही. डेन्मार्कनंही २०१० मध्ये चार वर्षांची मुदत दोनवर आणली, ती उगाच नाही.

उंबरठा
दोन वर्षं लांबलचक वाटतात तुम्हाला? मला सहा महिने मिळाले असते तरी ते पहिलं काम घेतलं नसतं.