बीटलचा वॉशर: स्टेपनीची हवा की इलेक्ट्रिक पंप?

कासवगाडी:
माझी १९६९ची फोक्सवॅगन बीटल आहे. हिचा काचेवर पाणी मारणारा वॉशर स्टेपनीच्या हवेवर चालतो, सांगितलं तर लोकांना थापच वाटते 😄 पण आता दोनदा बटण दाबलं की तिसऱ्यांदा नुसतं ओघळतं, परवा ट्रकमागे चिखल उडाला आणि हात बाहेर काढून फडक्याने काच पुसली. इलेक्ट्रिक पंप टाकायचाय पण डॅशबोर्डवर नवीन बटण अजिबात नको.

जुनंतेसोनं:
आधी स्टेपनी चेक कर ना भाऊ. तिच्यात ४२ पीएसआयपर्यंत हवा ठेवतात, कारण टायर पूर्ण बसू नये म्हणून नळीतला व्हॉल्व्ह मध्येच हवा तोडतो. चालत्या टायरइतकीच भरलीस तर पाणी येणार कुठून?

गॅरेजवाला_काका:
वायपर नॉबच्या मधलं बटण हा स्विच नाहीच, पाण्याचा व्हॉल्व्ह आहे, त्यामुळे त्याला वायर लागत नाही. प्रेशर कट-ऑफवाला छोटा १२ व्होल्टचा पंप घे आणि स्टेपनीखाली लपव. बटण दाबलं की प्रेशर पडतं, पंप सुरू, सोडलं की बंद, नॉब तोच. वॉशरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण सैल ठेव, हवा आत जायला हवी. फक्त प्रेशर कमी सेट कर, नाहीतर जुना व्हॉल्व्ह गळून पाणी डॅशमागे वायरिंगवर, मग बस रडत. सप्लाय इग्निशनवरून, फ्यूज लावून.

टपटप६व्होल्ट:
आमची जुनी ६ व्होल्टची, आम्ही आपले हवाच भरतो 😅

कासवगाडी:
काका, आत्ता बघितलं, स्टेपनीत १८ निघाली 🙈 आधी पंक्चरवाल्याकडे जातो.