हायफाय लावल्यावर हातात ग्लास हवा की नको?

मंद्रसप्तक

बरेच दिवस मनात होतं, आज धागा काढून लिहूनच टाकतो. घरी नीट बसवलेली हायफाय (आवाज जसाच्या तसा देणारी) सिस्टीम आणि सोबत एक ग्लास चांगली बिअर, यापेक्षा बरी संध्याकाळ मला ठाऊक नाही. आणि माझं म्हणणं असं की बिअर नुसती सोबत करत नाही, ती ऐकायला मदत करते. थांबा, लगेच अंगावर येऊ नका.

आपल्या हायफायवाल्यांना एक खोड असते. रेकॉर्ड लागली की पहिली दहा मिनिटं आपण गाणं ऐकतच नाही. खर्ज फुगतोय का, झांज चिरकतेय का, डावा स्पीकर दोन बोटं पुढे हवा होता का, असल्या पंचायती चालू असतात. मी तर बसल्या जागेवरून तीन-तीनदा उठायचो. हातात ग्लास असला की उठणं कमी होतं. तो ठेवायचा कुठे हा प्रश्न असतो, म्हणून माणूस बसून राहतो. दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला पंचायती गळून पडतात आणि मग एकदम कळतं, गायिकेने ओळ उचलायच्या आधी श्वास घेतला होता. इतकी वर्षं तो याच रेकॉर्डमध्ये होता.

शिवाय मापही जुळतं. एलपीची एक बाजू वीस-बावीस मिनिटांची. ३३० मिलीची बाटली सावकाश घेतली तर तेवढीच पुरते. (सीडी लावली की माझा हिशोब बिघडतो. ती सत्तर-बहात्तर मिनिटं न थांबता वाजू शकते.) आणि दोन्हींचा शेवटही सारखाच. तबकडीच्या बाहेरच्या काठाला सुईखालून सेकंदाला साधारण अर्धा मीटर खाच सरकते, लेबलपाशी येईपर्यंत जेमतेम वीस सेंटीमीटर. कमी जागेत तोच आवाज कोंबलेला, म्हणून शेवटच्या गाण्यात 'स' आणि 'श' भरडायला लागतात. ग्लासातला शेवटचा घोटही तसाच, कोमट आणि गॅस गेलेला.

एकच विनंती, बिअर हाडं गोठतील इतकी गार नको. जीभ बधिर होते आणि हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) वास वरच येत नाही. पिल्सनर (फिकी बिअर) ५-७ अंशांना, स्टाउट (काळी बिअर) १०-१२ अंशांना. बाटलीतून पिणाऱ्यांना मी माणसात धरत नाही. (हलके घ्या.)

कानसेन

वर्णन गोड आहे, पण गाडं उलटं जुंपलंय. बिअरने तुमचं ऐकणं सुधारत नाही, तुमच्यातला तक्रार करणारा झोपतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीस जणांची श्रवणचाचणी दारू घेण्याआधी आणि घेतल्यावर झाली होती. घेतल्यावर हळू आवाज ऐकू येईनासे झाले. परिणाम खालच्या फ्रीक्वेन्सींवर जास्त, आणि सगळ्यात जास्त १००० हर्ट्झच्या आसपास. बोलणं उमगायला जो पट्टा लागतो तोच हा. म्हणजे स्पीकरमधून खर्ज आणि कंठ नीट यावा म्हणून आपण महिनोन्महिने झटायचं आणि ऐन वेळी कानाचंच दार लोटून घ्यायचं!

पुढचं आणखी वाईट. कान मंदावला की हात व्हॉल्यूमकडे जातो. आणि आवाज वाढला की पिणं वाढतं, हेही तपासून झालंय. २००८ साली फ्रान्समधल्या दोन बारमध्ये केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. संगीत ७२ डेसिबलला असताना एक ग्लास बिअर संपायला सरासरी साडेचौदा मिनिटं लागत होती, ८८ डेसिबलला साडेअकरा. तेव्हा तुमची ती 'रेकॉर्डच्या दर बाजूला एक बाटली' कागदावरच राहणार.

सुईचा पाट

मी फक्त अनुभव सांगतो. अँपवर (अँप्लिफायरवर) ग्लास ठेवला होता. उंच, सपाट, हाताशी, याहून सोयीची जागा कुठली? बाजू उलटायला उठलो आणि कोपर लागलं. वरच्या जाळीतून अर्धा ग्लास आत. सुदैवाने ताबडतोब प्लग ओढला. पाणी सांडलं असतं तर वाळून तरी गेलं असतं, बिअर मागे चिकटा ठेवते. तेव्हापासून व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की उजव्या बाजूने खरखर येते आणि घरात सगळे माझ्याकडे बघतात.

वाद चालू द्या.

ओहमचा शेजारी

कानसेन यांनी वर्णन केलंय त्याला आमच्या धंद्यात पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणतात. माइक स्पीकरसमोर धरल्यावर जी शिट्टी वाजते, तेच. इथे लूपमध्ये माणूस आहे इतकंच.

पण मला दोघांचं अर्धं-अर्धं पटतं. कानसेन, हळू आवाजात खर्ज कमी ऐकू यायला दारू लागत नाही. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच दाखवलं की आवाज उतरवला की कान खालचे स्वर आधी सोडतो. जुन्या अँपवरचं 'लाउडनेस' बटण त्याच्यासाठीच असतं. म्हणजे नेहमीचा, कोरडा, शुद्धीवरचा कानसुद्धा मीटर नाही. आणि खोली? चार मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झच्या आसपास एक स्वर फुगतो. एका जागी तो घुमतो, दोन पावलं सरकलात की गायब. तुमची खुर्ची अर्धा मीटर मागे घेतल्याने जो फरक पडेल, तो एका ग्लासाने पडेल असं मला वाटत नाही.

जाता जाता: विजेने तार किती तापते याचा नियम ज्याच्या नावाने शिकतो, तो जूल ब्रुअरीवाल्या घरातला. तेव्हा तुमचा क्लास-ए अँप जी उष्णता ओकतो तिचा हिशोबही शेवटी बिअरच्याच घरून आलाय.

तिसरा ग्लास

मला हायफायमधलं फार कळत नाही, बिअरमधलं थोडं कळतं. इथे सगळे बिअरला बदनाम करतायत म्हणून लिहितोय.

ब्रुअरीत दोन बिअर वेगळ्या लागतात की नाही हे ठरवायला तीन ग्लास समोर ठेवतात. दोन सारखे, एक वेगळा. कुठला वेगळा, ते न बघता ओळखायचं. नाव नाही, लेबल नाही, रंगातला फरक लपवायचा असेल तर ग्लासही काळे. आणि थोड्याशा नमुन्यांवरून दिसलेला फरक खरा की योगायोग, हे ठरवायची जी टी-टेस्ट अख्ख्या जगात वापरतात ती कुणाची? गिनेस या ब्रुअरीत नोकरी करणाऱ्या विल्यम गॉसेटची. १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने छापलेली. बिअरवाले शंभर वर्षांहून जास्त काळ स्वतःच्या जिभेवर अविश्वास दाखवतायत. हायफायवाल्याला मात्र 'जरा डोळ्यांवर पट्टी बांधून सांग, कुठली केबल?' म्हटलं की त्याचा अपमान होतो.

मग सांगा, दोघांत शुद्धीवर कोण आहे?

कानसेन

टोला बरोबर बसला, मान्य. टूल आणि ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ साली तेच दाखवलं होतं. तेच स्पीकर, तेच श्रोते. पडद्याआड एक मत, समोर दिसल्यावर दुसरं. पण यातून माझाच मुद्दा पक्का होतो. शुद्धीत असताना आपण इतके फसतो, तर ग्लास घेऊन काय होईल? निदान दोन अँपची तुलना करायची असेल त्या दिवशी तरी बाटली बंद ठेवा. आवाजाची पातळी अर्ध्या डेसिबलने जास्त असली तरी तो अँप 'जिवंत' वाटतो. डेसिबलच्या दहाव्या भागापर्यंत पातळी जुळवल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही आणि हे जुळवणं बिअर घेऊन होत नाही. मी करून बघितलंय. कसं, ते विचारू नका.

एकच खुर्ची

तुम्ही सगळे कान आणि जीभ यांत अडकलात. माझं भांडण वेगळं आहे.

स्टिरिओला एक माणूस लागतो. दोन स्पीकर आणि आपण, असा समभुज त्रिकोण. टोकावरची ती एक खुर्ची. तिथे बसलं की गायक मधोमध उभा राहतो, पियानो त्याच्या मागे डावीकडे, सगळं हवेत टांगलेलं. शेजारच्या खुर्चीत बसलं की सगळा जमाव जवळच्या स्पीकरमध्ये जाऊन कोंबतो, कारण तिथला आवाज आधी पोचतो आणि मेंदू आधी आलेल्याचं ऐकतो. बिअरला मात्र माणसं लागतात. निदान एक तरी, जो म्हणेल, 'ही मागच्या वेळेपेक्षा कडू आहे.'

आमच्याकडे हे असं चालतं: नवरा खुर्चीत, डोळे मिटून. मी बाजूला, हातात ग्लास, आणि मला उजव्या स्पीकरमधला ट्विटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) तेवढा ऐकू येतो. बोलायला तोंड उघडलं की एक बोट वर होतं. म्हणजे पुढे एक सुंदर जागा येणार आहे. ती येते, जाते. तोवर मला काय बोलायचं होतं ते विसरलेलं असतं.

मंद्रसप्तक यांचा लेख चांगला आहे, पण त्यात दुसरं माणूस कुठेच नाही हे त्यांच्या लक्षात आलं का? बिअर आणि मी, रेकॉर्ड आणि मी. मला विचाराल तर चांगल्या बिअरला स्वयंपाकघरातला साधा रेडिओ पुरतो. एक स्पीकर, सगळ्यांना सारखाच ऐकू येणारा.

मंद्रसप्तक

ताई, ते बोट आमच्याकडेही वर होतं. वाचून खुर्चीत जरा अवघडलो. पण वाचन एकट्याने करतात त्याला कुणी माणूसघाणं म्हणत नाही, मग ऐकण्यालाच का? चार जण जमले की मीही खुर्ची भिंतीला सरकवतो, त्रिकोण वगैरे विसरतो, आणि तेव्हा सिस्टीम पाव ताकदीवर गप्पांच्या मागे वाजते. ती संध्याकाळ वेगळी. मी लिहिलं ते एकट्याच्या संध्याकाळीबद्दल.

कानसेन, खरेदी-तुलनेच्या दिवशी बिअर नको हे शंभर टक्के मान्य. पण बाकीचे दिवस काय तुलना करण्यासाठीच असतात?

निर्जळी

मी पीत नाही, त्यामुळे दोन्ही पक्षांना मी नकोच असेन. तरी एक शंका.

धागाकर्ते म्हणतात, दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला पंचायती गळून पडतात. दुसऱ्या घोटापर्यंत पोटात किती गेलं? ३३० मिलीच्या, साडेचार टक्क्यांच्या बाटलीत मद्यार्क सगळा मिळून पंधरा मिली, त्याचा हा एक बारीकसा भाग. तो रक्तात भिनून शिखराला पोचायला सहसा अर्धा ते एक तास जातो. तुमची बाजू वीस मिनिटांत संपते. म्हणजे गायिकेचा श्वास तुम्हाला ऐकू आला तेव्हा दारू मेंदूत नीट पोचलेलीही नव्हती.

याचा अर्थ कानसेन यांचा अभ्यास तुमच्या पहिल्या बाजूला लागू पडत नाही, आणि तुमचं श्रेयही बिअरला देता येत नाही. बसलात, हात अडकला, आता उठायचं नाही हे स्वतःला सांगितलंत. काम तिथेच झालं. माझं ते पाण्याच्या पेल्यावर होतं. तानपुऱ्याची जवारी खोलीभर पसरलेली ऐकायला मला आजवर कशाची गरज पडली नाही.

तिसरा ग्लास

निर्जळी, शंका रास्त आहे, पण 'फक्त समजूत' म्हणून उडवू नका. २००६ सालच्या एका प्रयोगात लोकांना बाल्सॅमिक व्हिनेगरचे थेंब घातलेली बिअर पाजली होती. आधी सांगितलं त्यांना ती आवडली नाही. पिऊन झाल्यावर सांगितलं, त्यांना न सांगितलेल्यांइतकीच आवडली. म्हणजे आधी मनात जे असतं त्याने चवच बदलते, मागाहून दिलेलं मत नव्हे. मग संध्याकाळभर 'आता छान ऐकायचंय' म्हणून ग्लास भरणाऱ्याला खरोखरच छान ऐकू येत असेल, तर ते खोटं कसं?

प्रयोग सोपा आहे. एक ग्लास नेहमीची, एक बिनअल्कोहोलची, घरातल्या कुणीतरी ओतून द्यायची. नेहमीची एकच रेकॉर्ड, पंचायती किती झाल्या ते मोजायचं.

मंद्रसप्तक

केला. काल.

आधी फजिती सांगतो. बिनअल्कोहोलची पहिल्याच घोटाला ओळखू आली. माल्टचा गोडवा वर येतो, मागून अंगच नाही. त्यामुळे डोळ्यांवरची पट्टी फुकट गेली आणि गॉसेटसाहेबांपुढे नेण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

तरी नोंदी देतो. नेहमीची बिअर: चार पंचायती, एकदा उठलो (स्पीकरचं तोंड आत वळवायला). बिनअल्कोहोलची: सहा पंचायती, त्यातल्या तीन बिअरबद्दल. उठलो एकदाही नाही.

निर्जळी यांच्यासाठी पाण्यावर तिसरी फेरी ठेवली होती. तेवढ्यात ही येऊन बसली, खुर्ची तिला दिली, आणि मग मोजायचं राहून गेलं. मी बाजूला बसलो होतो. खरंच फक्त उजवा ट्विटर ऐकू येतो हो.

कानसेन

उठलात एकदाच आणि तेही नेहमीच्या बिअरवर. धाग्याचा पहिला परिच्छेद दुरुस्त करणार का?

मंद्रसप्तक

स्पीकर खरंच वाकडा होता.