मदत हवी आहे: असिस्टंटना इंट्राओरल स्कॅनर कोणत्या क्रमाने शिकवावा? (सोलापूर)

जुळे सोलापुरात दोन खुर्च्यांचं क्लिनिक आहे. स्कॅनर (तोंडात फिरवून दातांचं 3D चित्र घेणारा), छोटं वेट मिलिंग मशीन (पाण्याच्या फवाऱ्याखाली ब्लॉकमधून क्राउन कापणारं) आणि भट्टी, सगळं आलंय. असिस्टंट दोघी, बारावी झालेल्या. एकीच्या घरी तेलुगू. हात चांगले आहेत, अडचण क्रमाची आहे. एका बाजूच्या स्कॅनला आठ-दहा मिनिटं जातात, मार्जिन (क्राउनसाठी घासलेल्या दाताचा काठ) पुसट येतं आणि क्राउन (दातावरची टोपी) चावताना उंच लागतो. सुरुवात कुठून करू? मिलिंग आत्ताच हातात द्यावं का?

होटगी रोडवरून:
पेशंटवर नको, आधी टायपोडॉन्ट (सरावाचा नकली जबडा). त्यात एक तयार केलेली, म्हणजे क्राउनसाठी घासलेली, दाढ बसवा आणि रोज पाच स्कॅन करून घ्या. रस्ता एकच ठरवा: शेवटच्या दाढेच्या चावायच्या बाजूवरून सुळ्यापर्यंत पुढे, तिथे टीप (स्कॅनरचं तोंडात जाणारं टोक) जिभेकडे कलती करून मागे, मग गालाकडून पुन्हा पुढे. उडी मारली की सॉफ्टवेअर मागचा धागा सोडतं आणि चित्र दुहेरी होतं. तसं झालं तर हलवत बसू नये, आधी स्कॅन झालेल्या दाढेवर परत यावं. घड्याळ पहिल्या आठवड्यात लावूच नका.

शब्द 'जिभेकडे', 'गालाकडे' असेच वापरा. लिंग्वल-बकल नंतर आपोआप येतं.

खरं काम मात्र डाव्या हाताचं आहे: आरसा, गाल ओढणं, सक्शन. कॉर्ड (हिरडी बाजूला सारायला ठेवलेला दोरा) काढल्यावर पाणी मारून हवेने सुकवायचं, खुर्चीचा दिवा बाजूला करायचा आणि लगेच तयार केलेला दात घ्यायचा. बाकीचे दात आधीच झालेले असावेत. मार्जिन बरोबर आलं की नाही हे पडद्यावर मोठं करून डॉक्टरने बघायचं, ते असिस्टंटवर टाकू नका.

अशोक चौकातला लॅबवाला:
आमच्याकडे येणाऱ्या फायलींत दोन चुका नेहमीच्या. एक, मार्जिनवर लाळ. काठ धारदार दिसण्याऐवजी वितळलेल्या मेणासारखा गोल दिसतो. पडद्यावर ते छान गुळगुळीत वाटतं, म्हणून नवखी फसते. दुसरी, शेजारच्या दातांच्या आतल्या बाजू. तिथे भोक राहिलं की सॉफ्टवेअर अंदाजाने बुजवतं; मग क्राउन बसत नाही किंवा अन्न अडकतं. फाइल पाठवण्याआधी 'भोकं भर' पर्याय बंद करून मॉडेल फिरवून बघायची सवय लावा.

होटगी रोडवरून:
उंच क्राउनचं कारण बहुधा बाइट स्कॅन (दात मिटून घेतलेला). बधिर बाजूने पेशंट नीट चावत नाही, किंवा कापसाचा रोल मागे राहून जातो. इंजेक्शन चढेपर्यंत समोरचा जबडा आणि बाइट घेऊन ठेवा, म्हणजे वेळही वाचतो. बाइट घेतल्यावर पडद्यावरचे टेकण्याचे बिंदू आर्टिक्युलेटिंग पेपरच्या (चावल्यावर दातावर रंग उमटवणारा कागद) खुणांशी जुळवायला शिकवा.

मूळ प्रश्नकर्ता:
आभार. मिलिंगच्या टाकीत बोअरचं पाणी चालेल का? आणि निळा क्राउन तोंडात घालून बघायचा का?

लॅबवाला:
बोअरचं नको. आपल्याकडच्या जड पाण्याने नोझलमध्ये खार बसतो, फवारा वाकडा होतो आणि बर (कापायचं पातं) लवकर झिजतो. डिस्टिल्ड पाणी आणि मशीनच्या पुस्तिकेत दिलेलं ॲडिटिव्हच वापरा. टाकीच्या तळाशी साचलेली भुकटी नियमित काढा.

निळा म्हणजे लिथियम डायसिलिकेट, काचेसारखं सिरॅमिक. बसतो का ते हलक्या हाताने बघता येतं, चावायला लावू नका. त्या अवस्थेत तो कच्चा असतो. सुमारे ८४० ते ८५० अंशांवर भट्टीतून निघाला की दाताचा रंग आणि ताकद येते. गरम असताना धातूच्या चिमट्याने उचलायचा नाही, तडा जातो. झिरकोनियाचं (दुसरं, जास्त कणखर सिरॅमिक) वेगळं: तो भट्टीत भाजताना (सिंटरिंग) सुमारे २० टक्के आकसतो म्हणून मोठा कापतात. वेट मिलिंग असेल तर सिंटरिंगआधी पूर्ण वाळवावा लागतो. घाई केली तर फुटतो.

होटगी रोडवरून:
म्हणून मिलिंग दुसऱ्या महिन्यात, आणि आधी फक्त ब्लॉक लावणं, बर बदलणं, टाकी धुणं. क्राउन चिकटवण्याआधी आतली बाजू खरखरीत करायच्या हायड्रोफ्लोरिक ॲसिडची बाटली असिस्टंटच्या हाती देऊ नका. लिथियम डायसिलिकेटला ५ टक्के, २० सेकंद, तेही तुम्ही स्वतः. त्वचेवर ॲसिड पडलं तर लावायला कॅल्शियम ग्लुकोनेट जेल जवळ असू द्या. झिरकोनियाला हे ॲसिड लागतच नाही, हे दोघींना आजच सांगा.

आणि स्कॅनर कडक उन्हात गाडीतून आणला असेल तर एसी खोलीत जरा विसावू द्या, मग कॅलिब्रेशन (माप जुळवणं). टीप ऑटोक्लेव्हला किती वेळा घालायची ते पुस्तिकेत असतं. प्रत्येक टीपेवर वेगळी खूण ठेवून वहीत मोजा, कारण आतला आरसा धूसर झाला की दोष शिकणाऱ्या मुलीवर जातो.