पातं बोथट नसतं, कोरडं असतं

घरी केस कापण्यावरच्या या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की केस कापायची मशीन सहा महिन्यांत बोथट होते, मग न्हावीच स्वस्त पडतो; ते पटलं नाही. केस कापले न जाता ओढले जायला लागले की बहुतेकदा पातं कोरडं पडलेलं असतं. अडकलेले केस ब्रशने झाडायचे, मशीन चालू करून दातांवर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडायचे, अर्ध्या मिनिटाने पुसून घ्यायचं. खोबरेल मात्र नको. ते चिकट होऊन केस धरून ठेवतं आणि २४ अंशांखाली थिजतं. (हो, नवी मुंबईच्या कोपरखैरण्यातही जानेवारीत रात्री तेवढा गारठा पडतो!) आणि केस पूर्ण कोरडे हवेत. आमच्याकडे जूनमध्ये नुसतं बाथरूममध्ये उभं राहिलं तरी डोकं घामाने ओलं होतं, म्हणून मी पंख्याखाली जुना पेपर अंथरून बसतो.

भोवऱ्याबद्दल कुणी लिहिलं नाही. तिथे केस गोल फिरतात, म्हणून एकाच दिशेने मशीन फिरवली की शेंडीसारखा झुपका उरतोच. चारही बाजूंनी फिरवावी लागते. सुरुवात मशीनवर बसवायच्या ४ नंबरच्या कंगव्याने, म्हणजे केस उरतात साधारण १३ मिमी, मग कडेला २ नंबर, ६ मिमी. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी कल्ले साफ करायला कंगवा काढला, परत लावायला विसरलो आणि कानावर थेट टकलाचा पट्टा उमटला. तेव्हा निदान कुठे जायचं नव्हतं. अनलॉकनंतर तोच प्रताप पुन्हा केला आणि ठाणे-वाशी लोकलमध्ये भर मे महिन्यात माकडटोपी घालून बसलो.