मदत हवी आहे: पी एकच्या खाली गेला की बायलिनियर ऑपरेटर बाउंडेड आहे हे दाखवायचं कसं?

नमस्कार मंडळी, हार्मोनिक ॲनॅलिसिस करणारं कोणी इथे असेल तर प्लीज जरा सविस्तर वाचा, कारण मी एका जागी अगदी घट्ट अडकलोय.

आधी नोटेशन. सगळं एकाच डायमेन्शनमध्ये. ऑपरेटर एफ आणि जी ही दोन फंक्शन्स घेतो, दोन्हींत वेगवेगळा लिनियर, आणि एक फंक्शन देतो. एफ एल-पी१ मधलं (म्हणजे |एफ| च्या पी१-व्या घाताचं इंटिग्रल फायनाइट), जी एल-पी२ मधलं, उत्तर एल-पी मध्ये हवंय, त्याचा नॉर्म या दोघांच्या नॉर्मच्या गुणाकाराच्या ठरावीक पटीत (हेच बाउंडेड), आणि १/पी = १/पी१ + १/पी२, म्हणजे होल्डरचंच गणित. दोन फ्रिक्वेन्सींना क्साय आणि ईटा म्हणतो. सिंबल, म्हणजे क्साय-ईटाच्या जोडीला ऑपरेटर ज्याने गुणतो ते फंक्शन, कॉइफमन-मायर टाइपचा, म्हणजे तो बाउंडेड आहे आणि दर डेरिव्हेटिव्हमागे (|क्साय|+|ईटा|) चा एक घात खाली येतो, त्यामुळे जी काही सिंग्युलॅरिटी आहे ती फक्त ओरिजिनपाशी.

नेहमीसारखं लिटलवुड-पेलीने, म्हणजे २ च्या घातांच्या फ्रिक्वेन्सी-पट्ट्यांत, तुकडे पाडले की हाय-लो, लो-हाय आणि हाय-हाय असे तीन पॅराप्रॉडक्ट मिळतात (पहिला शब्द एफच्या फ्रिक्वेन्सीचा, दुसरा जीच्या). पी एकच्या वर असताना हाय-लो मला नीट जमतो. उत्तराचा जे-वा तुकडा २ च्या जे-व्या घाताएवढ्या फ्रिक्वेन्सीवरच राहतो, म्हणून तिसरं फंक्शन एच घेऊन पेअरिंग करायचं, एचचाही जे-वाच तुकडा उरतो, मग जे वर कॉशी-श्वार्ट्झ आणि शेवटी एफचं स्क्वेअर फंक्शन (तुकड्यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ), जीचं मॅक्सिमल फंक्शन (बिंदूभोवतीच्या सरासरींतली सगळ्यात मोठी) आणि एचचं स्क्वेअर फंक्शन या तिघांवर होल्डर, झालं. पण थिअरममध्ये पी थेट १/२ च्या वर कुठेही चालतो असं आहे, आणि पी एकच्या खाली आला की एल-पी चा ड्युअल (त्यावरच्या कंटिन्युअस लिनियर फंक्शनल्सची स्पेस) शून्यच असतो, मग मी एच आणू कुठून? त्रिकोण असमानताही तिथे सरळ मिळत नाही.

दुसरं म्हणजे मला खरं हवंय ते फ्रॅक्शनल लायब्निझ, म्हणजे गुणाकारावर एस ऑर्डरचा डेरिव्हेटिव्ह डी-एस लावायचा आणि तो एकदा एफवर, एकदा जीवर वाटून द्यायचा. माझ्याकडे एस = १/३, पी१ = पी२ = ४/३, म्हणजे पी = २/३. इथे हाय-हाय टर्म काही केल्या बंद होत नाही.

आणि जाता जाता तिसरं, सिंबल साइन(क्साय − ईटा) असेल (साइन म्हणजे चिन्ह, +१ किंवा −१, त्रिकोणमितीतला नव्हे) तर हीच रीत का चालत नाही? नुसतं 'ते अवघड आहे' असं सगळीकडे वाचलंय, कारण कळत नाही.

प्रतिसाद १

पहिल्या प्रश्नाचं बघू. ड्युॲलिटी सोडून द्या, तिच्या जागी हार्डी स्पेस येते, म्हणजे नॉर्म स्क्वेअर फंक्शनवरून मोजायचा. जे-वा तुकडा जे-व्या पट्ट्यातच असेल तर सगळ्या तुकड्यांच्या बेरजेचा एल-पी नॉर्म हा त्या तुकड्यांच्या स्क्वेअर फंक्शनच्या एल-पी नॉर्मने कंट्रोल होतो, आणि हे शून्याच्या वरच्या कुठल्याही पी ला चालतं. एकदा हे हातात आलं की जीचा लो भाग पॉइंटवाइज मॅक्सिमल फंक्शनच्या खाली ठेवा, तो बेरजेच्या बाहेर काढा, आत एफचं स्क्वेअर फंक्शन उरतं, आणि होल्डर तर पी एकच्या खालीही चालतोच.

हे खरं का, ते मात्र एकदा स्वतः लिहून बघा, कारण सगळा जीव त्यातच आहे. बँड-लिमिटेड फंक्शनवर आसपासचं प्रोजेक्शन लावलं तर ते पॉइंटवाइज 'फंक्शनचा आर-वा घात, त्याचं मॅक्सिमल फंक्शन, त्याचं आर-वं मूळ' एवढ्याच्या खाली राहतं, आणि आर तुम्हाला हवा तेवढा लहान घेता येतो. आर हा पी पेक्षा लहान घ्या म्हणजे पी/आर एकच्या वर जातो आणि फेफरमन-स्टाइनची १९७१ ची व्हेक्टर-व्हॅल्यूड मॅक्सिमल असमानता लागू पडते.

साध्या कॉइफमन-मायरमध्ये हाय-हाय उलट सगळ्यात सोपा, तिथे पॉइंटवाइज कॉशी-श्वार्ट्झ मारला की एफ आणि जी दोघांची स्क्वेअर फंक्शन्स समोर येतात आणि पी कितीही असो फरक पडत नाही. सिंबलचे फूरिए सिरीजने तुकडे केलेत तर कोएफिशियंट इतके पटकन घटतात की त्रिकोण असमानतेऐवजी पी-व्या घाताची बेरीज वापरली तरी ती कन्व्हर्ज होते.

कर्नेलकडूनही जाता येतं. एल-वन गुणिले एल-वन पासून वीक एल-१/२ (एल-१/२ ची जरा सैल आवृत्ती) पर्यंत काल्डेरॉन-झिगमुंड डीकंपोझिशनने जायचं, दोन्ही फंक्शन्स नॉर्मलाइझ करून लॅम्डाच्या वर्गमुळाच्या उंचीवर कापायची, मग इंटरपोलेशन. ग्राफाकोस आणि टोरेस यांच्या २००२ च्या पेपरात ही थिअरी व्यवस्थित मांडलेली आहे. पण तुम्हाला लायब्निझकडे जायचंय तर पॅराप्रॉडक्टच धरून राहा, असं माझं मत.

प्रतिसाद २

दुसऱ्या प्रश्नात तुमची टर्म बंद होत नाहीये कारण त्या आकड्यांना असमानताच खोटी आहे.

एफ आणि जी दोन्ही एकच गुळगुळीत, निगेटिव्ह नसलेला बंप घ्या. गुणाकाराचं इंटिग्रल शून्य नाही, आणि डी-एस चा सिंबल |क्साय| चा एस-वा घात, तो शून्यापाशी स्मूद नाही, म्हणून उत्तराची शेपटी दूरवर |एक्स| च्या −(१+एस) घातासारखी जाते. एल-पी मध्ये ती बसायला (१+एस)·पी एकपेक्षा मोठं हवं. तुमच्याकडे ४/३ गुणिले २/३ म्हणजे ८/९, डावी बाजू इन्फिनिट. उजवीकडे मात्र शेपटीला ४/३ गुणिले ४/३ म्हणजे १६/९ मिळतात, सगळं फायनाइट.

म्हणून अट एस > १/पी − १ अशी येते. पॅराप्रॉडक्टमध्येही ती दिसते. हाय-हाय मध्ये जे फ्रिक्वेन्सीचे दोन तुकडे गुणून उत्तर खाली के फ्रिक्वेन्सीवर येतं तेव्हा डेरिव्हेटिव्हकडून २ चा (के−जे)·एस वा घात फायद्यात मिळतो, पण पी एकच्या खाली प्रोजेक्शन लावताना २ चा (जे−के)·(१/पी − १) वा घात तोट्यात जातो, फायदा जिंकला तरच बेरीज होते. ग्राफाकोस आणि ओ यांच्या २०१४ च्या पेपरात पी १/२ च्या वर असताना नेमकी हीच अट आहे, आणि एस सम पूर्णांक असेल तर तीही लागत नाही कारण तेव्हा ऑपरेटर लोकल असतो, शेपटीच येत नाही.

तिसरं. साइनवाला म्हणजे बायलिनियर हिल्बर्ट ट्रान्सफॉर्म. एफ आणि जी दोघांना एकाच फ्रिक्वेन्सीने मॉड्युलेट करा, उत्तर फक्त दुप्पट फ्रिक्वेन्सीने मॉड्युलेट होतं, नॉर्म तोच. म्हणजे या ऑपरेटरला शून्य फ्रिक्वेन्सी कुठे आहे ते ठाऊकच नाही, आणि लिटलवुड-पेली तर शून्याभोवतीच उभं आहे. सिंग्युलॅरिटी बिंदूवर नसून आख्ख्या रेषेवर आहे, त्यामुळे एकेका स्केलला रेषेच्या कडेने असंख्य चौकोन बसतात. म्हणून टाइल्स (जागा-फ्रिक्वेन्सीच्या प्रतलातले चौकोन) आणि ट्रीज (त्यांचे गट) लागतात, कार्लेसनच्या १९६६ च्या थिअरमच्या वाटेने. लेसी आणि थीले यांनी १९९७ आणि १९९९ मध्ये ते केलं, पण पी २/३ च्या वर असेल तरच. १/२ ते २/३ मधलं अजून उघडं आहे.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार, शेपटीचा हिशोब स्वतः करून पाहिला, बरोबर जुळतोय. म्हणजे एस = १/३ ठेवायचा असेल तर पी ३/४ च्या वर हवा, आणि दोन्ही एक्स्पोनंट सारखे घ्यायचे तर ३/२ च्या वर. ते मला चालेल, माझ्या इक्वेशनमध्ये तेवढी जागा आहे. एकच राहिलं, पी१ इन्फिनिटी असेल तर हाय-लो मध्ये एफचं स्क्वेअर फंक्शन एल-इन्फिनिटीत राहत नाही, तिथे काय करता?

प्रतिसाद १

तिथे स्क्वेअर फंक्शन एफवर घ्यायचंच नाही. एफ बीएमओ मध्ये आहे (सरासरीपासूनचं सरासरी अंतर प्रत्येक इंटर्व्हलवर बाउंडेड), म्हणून त्याच्या तुकड्यांचे वर्ग मिळून कार्लेसन मेझर होतं (प्रत्येक इंटर्व्हलच्या वरच्या पेटीत लांबीच्या ठरावीक पटीपेक्षा जास्त वस्तुमान नाही), आणि जीचा लो भाग त्या मेझरवर कार्लेसन एम्बेडिंगने बसतो. पी१ इन्फिनिटी म्हणजे पी = पी२, तो एकच्या वर, म्हणजे तुमचं एच परत वापरता येतं. आधी पी२ = २ करून बघा, तिथे दोनच ओळी लागतात.